दोन हंगामांपूर्वी काढलेले फंक्शन गिटमध्ये कुठे असते आणि ते कसे शोधावे

राळेगाव तालुक्यातून ज्यांनी हा प्रश्न विचारला आहे, त्यांचे म्हणणे थोडक्यात असे आहे. तीन-चार जिनिंगांसाठी काट्याची पावती आणि चुकाऱ्याचा हिशेब करणारे सॉफ्टवेअर ते सांभाळतात. कापसाच्या आर्द्रतेवरून कटती काढणारे एक फंक्शन दोन हंगामांपूर्वी त्यात होते. मधल्या काळात ते कोणीतरी काढून टाकले, आणि आता एका कास्तकाराच्या जुन्या चुकाऱ्याचा वाद उभा राहिल्याने नेमके तेच हवे आहे. कोडच्या सगळ्या आवृत्त्या जपण्यासाठी ते गिट हे साधन वापरतात. त्यांनी प्रकल्पातले 'डॉट गिट' हे लपलेले फोल्डर उघडून त्यात विंडोजच्या शोधाने फंक्शनचे नाव शोधले, परंतु काहीही सापडले नाही. दुसरीकडे ते फोल्डर ४ जीबीचे झाले आहे. म्हणून ते विचारतात, की गिट प्रत्येक वेळी पूर्ण फाइल साठवते की फक्त बदल? पूर्ण फाइल साठवत असेल तर फंक्शन सापडत का नाही, आणि फक्त बदल साठवत असेल तर ४ जीबी कशाचे?

हे दोन प्रश्न वेगळे वाटले तरी मुळात एकच आहेत. गिट माल कसा ठेवते हे समजले, की कोणता शोध स्वस्त पडेल, कोणता महाग पडेल आणि कोणता मुळातच चुकीच्या जागी चालला आहे हे आपोआप कळते. मी वर्धा नदीच्या अलीकडे, हिंगणघाट तालुक्यात राहून हेच काम करतो, त्यामुळे तुमची वीज, तुमचे नेट आणि हंगामातली तुमची घाई या तिन्ही गोष्टी मला ठाऊक आहेत. एक सूचना आधीच देतो : कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहीत आहे, टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत टाइप कराव्यात.

पहिली गोष्ट साठवणुकीची. सातबारा आणि फेरफार यांतला फरक आपल्याकडे शाळकरी मुलालाही माहीत असतो. सातबारा आजची स्थिती दाखवतो, आणि ती कशी बदलत आली हे फेरफाराच्या नोंदी सांगतात. जुन्या आवृत्ती-नियंत्रण प्रणाली फेरफार जपणाऱ्या होत्या. बेल लॅब्जमध्ये १९७२ साली मार्क रॉचकाइंड यांनी केलेली एससीसीएस सर्व आवृत्त्यांच्या ओळी एकाच फाइलमध्ये, कोणती ओळ कोणत्या आवृत्तीत आली आणि कोणत्या आवृत्तीत गेली अशा खुणांसह, विणून ठेवत असे. वॉल्टर टिकी यांच्या १९८० च्या दशकातल्या आरसीएसने ताजी आवृत्ती पूर्ण ठेवली आणि मागच्या आवृत्त्या उलट्या फरकांच्या रूपात ठेवल्या. लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये, लिनक्स कर्नलच्या मंडळींना बिटकीपर या आवृत्ती-नियंत्रण साधनाचा मोफत वापर बंद झाल्यावर, गिट लिहायला घेतले, तेव्हा त्यांनी ही पद्धत सोडून दिली. गिटच्या हिशेबात प्रत्येक कमिट, म्हणजे नोंदवलेली प्रत्येक आवृत्ती, म्हणजे त्या क्षणीच्या सगळ्या गावाचे पूर्ण सातबारे. फेरफार कुठेही लिहिलेला नसतो. तुम्ही मागितला, की दोन सातबारे शेजारी ठेवून तो त्याच वेळी तयार केला जातो. 'डिफ' म्हणून आपण जे पाहतो ते साठवलेले नसून दर वेळी नव्याने काढलेले असते, आणि शोधाच्या दृष्टीने सगळी मेख इथेच आहे.

मग दर वेळी सगळे सातबारे पुन्हा लिहिले जातात का, तर नाही. गिट फाइलचा मजकूर घेते, त्याच्या आधी 'ब्लॉब' हा शब्द आणि मजकुराची लांबी लिहिते, आणि या सगळ्याचा एसएचए-१ हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने निघणारा ठसा, काढते. तो ४० अंकाक्षरांचा असतो आणि तोच त्या मजकुराचा पत्ता. पहिली दोन अक्षरे फोल्डरचे नाव होतात, उरलेली ३८ फाइलचे. मजकूर एका अक्षरानेही बदलला नसेल तर हॅश तोच येतो आणि नव्याने काहीच लिहिले जात नाही, तुम्ही ती फाइल दहा फोल्डरांत ठेवली असली तरीही. फाइलचे नाव ब्लॉबमध्ये नसतेच. नाव आणि हॅश यांची जोडी 'ट्री' नावाच्या वेगळ्या वस्तूत असते, आणि कमिटमध्ये वरच्या ट्रीचा हॅश, आधीच्या कमिटचा हॅश, लेखक, कमिट करणारा, वेळ आणि संदेश एवढेच असते. नाव बदलल्याची नोंदही कुठे होत नाही. 'ही फाइल आधी अमुक नावाची होती' असे गिट जेव्हा सांगते, तेव्हा तो दोन मजकुरांतल्या साम्यावरून केलेला अंदाज असतो, आणि साधारणपणे ५० टक्के साम्य असले तर तो केला जातो.

आता तुमचा विंडोजचा शोध का फसला ते पाहू. ब्लॉब डिस्कवर जसाच्या तसा लिहिला जात नाही, झेडलिबने दाबून लिहिला जातो. दाबलेल्या फाइलमध्ये तुमच्या फंक्शनचे नाव त्या अक्षरांच्या रूपात उरतच नाही, मग बाहेरून कितीही शोधले तरी ते कसे सापडणार? फंक्शन तिथे असण्याची शक्यता चांगली आहे. ते फक्त गिटकडूनच उघडवून घ्यावे लागते. एक सावधगिरीही सांगतो : या फोल्डरातली कोणतीही फाइल नोटपॅडमध्ये उघडून सेव्ह करू नये.

साठवणुकीचा दुसरा टप्पा आपल्या भागातल्या माणसाला समजावणे सोपे आहे. जिनिंगमध्ये रुई सुटी असते तोवर तिचा ढीग खोली भरतो, आणि प्रेसमधून १७० किलोची गठाण बांधून निघाली की तोच माल कोपऱ्यात मावतो. सुट्या वस्तू साधारण ६,७०० च्या वर गेल्या की गिट स्वतःहून त्यांची गठाण बांधते, तिला पॅक म्हणतात. पुश (सर्व्हरवर पाठवणे) आणि क्लोन (पूर्ण प्रत उतरवणे) करतानाही माल पॅकच्या रूपातच जातो. पॅक बांधताना गिट एकाच प्रकारच्या, मिळत्याजुळत्या नावांच्या वस्तू आकारानुसार शेजारी लावते, प्रत्येक वस्तूची तुलना शेजारच्या साधारण १० वस्तूंशी करून पाहते, आणि साम्य सापडले तर एक पूर्ण ठेवून दुसरीचा केवळ फरक लिहिते. अशा फरकांची साखळी नेहमीच्या मांडणीत ५० कड्यांपर्यंत जाऊ शकते. बहुधा ताजी आवृत्ती पूर्ण राहते आणि जुन्या आवृत्त्या तिच्यावरून काढल्या जातात, कारण ताजी वारंवार लागते. म्हणजे तुमच्या 'पूर्ण फाइल की फक्त बदल' या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर 'दोन्ही' असे आहे. अर्थाच्या पातळीवर गिट पूर्ण फाइलच मानते, आणि जागा वाचवण्यासाठी आत फरक वापरते. मात्र हे फरक तुमच्या कमिटांतले फेरफार नव्हेत. गठाण बांधताना सोयीचे वाटले ते फरक ते असतात, आणि त्यांचा तुमच्या इतिहासाच्या क्रमाशी संबंध असेलच असे नाही.

याचा एक सरळ निष्कर्ष निघतो. तुमच्या आकाराच्या कामाचा साधा सोर्सकोड कितीही वेळा बदलला तरी सहसा ४ जीबी होत नाही. ८०० ओळींची फाइल ३०० वेळा बदलली, तरी पॅकमध्ये ती फार जागा घेत नाही. तुमच्या रिपॉझिटरीत, म्हणजे गिटच्या या साठ्यात, कोणीतरी डेटाबेसचे बॅकअप, पावत्यांचे पीडीएफ, काट्याचे फोटो किंवा झिप फाइली टाकल्या असणार. या वस्तू बहुधा आधीच दाबलेल्या असतात, आतले थोडे बदलले तरी बाहेरचे सगळे बाइट बदलतात, आणि गिटला शेजारच्या आवृत्तीशी साम्य सापडत नाही. एक्सेलची नव्या प्रकारची (एक्सएलएसएक्स) फाइलही आतून झिपच असते, म्हणून तिचीही तीच गत. या फाइली पुढे डिलीट केल्या तरी इतिहासात राहतात.

आता शोध. प्रत्येक पॅकसोबत एक सूची-फाइल असते. तिच्यात सगळे हॅश क्रमाने लावलेले असतात आणि सुरुवातीला पहिल्या बाइटनुसार २५६ खान्यांचा तक्ता असतो, त्यामुळे हॅश माहीत असेल तर वस्तू क्षणात सापडते. पण ही सूची हॅशची आहे, मजकुराची नाही. गट नंबर सांगितला तर तलाठी सातबारा लगेच काढून देतो. 'ज्या वावरात विहीर आहे असे सगळे सातबारे काढा' म्हटले, तर त्याला सगळे दप्तर चाळावे लागेल. गिटचेही तसेच आहे. कोणता शब्द कुठे आहे याची कोणतीही नोंद गिट आधीपासून ठेवत नाही. मजकुरातला प्रत्येक शोध म्हणजे वस्तू उघडणे आणि वाचणे, म्हणून किती वस्तू उघडाव्या लागतील यावरच शोधाची किंमत ठरते.

मोठ्या होस्टिंग सेवांना हे परवडत नाही. त्या तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांची, म्हणजे ट्रायग्रॅमची, वेगळी सूची बांधतात. 'कटती'सारख्या शब्दाचे तुकडे ज्या फाइलींत आहेत तेवढ्याच आधी निवडायच्या आणि मग त्याच वाचायच्या. गूगलने २००६ मध्ये सुरू केलेल्या कोड सर्चमागे हीच कल्पना होती, आणि ती कशी चालते हे रस कॉक्स यांनी २०१२ मध्ये सविस्तर लिहिले. तुमच्या आकाराच्या कामाला हे काहीही लागत नाही. लिनक्स कर्नलच्या ७० हजारांहून अधिक फाइलींत 'गिट ग्रेप' ही गिटची शब्द शोधणारी कमांड साधारण संगणकावरही थोड्या सेकंदांत उत्तर देते.

तुमचे फंक्शन आजच्या कोडमध्ये नाही, त्यामुळे 'गिट ग्रेप' नुसते चालवून उपयोग नाही. ते फक्त आजच्या, गिटच्या नोंदीत असलेल्या फाइली वाचते. तुम्हाला हवी आहे ती 'गिट लॉग' ला जोडायची डॅश मोठा एस ही खूण. तिच्यापुढे फंक्शनचे नाव अवतरणात द्यावे, आणि सोबत डॅश डॅश ऑल लावावे, म्हणजे सगळ्या ब्रँच, म्हणजे इतिहासाच्या वेगवेगळ्या फांद्या, पाहिल्या जातात. ही कमांड प्रत्येक कमिट आणि त्याच्या आधीचे कमिट यांची तुलना करते, आणि ज्या कमिटमध्ये त्या शब्दाच्या वापरांची संख्या बदलली तेवढीच दाखवते. फंक्शन आले ते कमिट आणि गेले ते कमिट, अशी दोन टोके हाती लागतात. गेले त्या कमिटच्या लगेच आधीच्या कमिटमधून 'गिट शो' ने ती फाइल पूर्ण काढून घेता येते. शोध जलद व्हावा म्हणून शेवटी दोन डॅश देऊन फक्त हिशेबाच्या फोल्डरचे नाव द्यावे. ट्रीचे हॅश सारखे असले तर त्या फोल्डरात काही बदललेच नाही हे गिटला आत न उतरताच कळते, आणि हजारो कमिट न वाचता मागे पडतात.

फंक्शनचे नाव नीट आठवत नसेल तर मोठा एस सोडून डॅश मोठा जी वापरावा. तो रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे शब्दांचा नमुना, घेतो आणि ज्या कमिटच्या बदललेल्या ओळींत ते जुळते ती सगळी कमिट दाखवतो. तुमच्या बाबतीत एक चांगला धागा आहे. सीसीआयच्या (भारतीय कपास निगमाच्या) खरेदीत आर्द्रता ८ टक्क्यांवर गेली की भावात कपात होते आणि १२ टक्क्यांपुढचा कापूस घेतला जात नाही, म्हणून त्या फंक्शनमध्ये ८ आणि १२ हे आकडे बहुधा असणारच. नुसता १२ शोधू नये, पानेच्या पाने निघतील. आर्द्रतेसाठी कोडमध्ये जो शब्द वापरला असेल तो आणि आकडा एकाच ओळीत असलेला नमुना द्यावा.

इथे माझी एक चूक सांगणे उपयोगाचे आहे. एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये व्याजाच्या हिशेबातली सहा ओळींची अट नाहीशी झाली होती, आणि मोठा एस लावून शोधले तर ती आलेली दिसे, पण गेलेली दिसेना. दोन दिवस मी गिटलाच दोष देत राहिलो. शेवटी कळले, की दोन ब्रँच मर्ज, म्हणजे एकत्र, करताना संघर्ष सोडवत असताना मीच त्या ओळी उडवल्या होत्या, आणि 'गिट लॉग' मर्ज कमिटांची तुलना मागितल्याशिवाय करत नाही. डॅश लहान एम लावल्यावर ती कमिटही तपासली जातात. निष्पाप मर्जही त्यामुळे यादीत येतात आणि कचरा वाढतो, म्हणून सुरुवात त्याच्याशिवाय करावी आणि 'आलेले दिसते, गेलेले दिसत नाही' अशी स्थिती आली तरच तो लावावा.

तरीही काही सापडले नाही, तर परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी तपासाव्या लागतात, आणि इथे मी तुमच्या संगणकापुढे नसल्याने खात्रीने बोलू शकत नाही. पहिली शंका मला क्लोनचीच येते. नेट कमी म्हणून कोणी डॅश डॅश डेप्थ लावून उथळ क्लोन घेतले असेल, तर जुना इतिहास तुमच्याकडे आलेलाच नाही. 'गिट रेव्ह-पार्स' ला डॅश डॅश इज-शॅलो-रिपॉझिटरी विचारले की हो किंवा नाही असे उत्तर मिळते. दुसरी शक्यता अशी, की फंक्शन एखाद्या डिलीट झालेल्या ब्रँचवर होते. ज्याच्या संगणकावर ते काम झाले तिथला रिफ्लॉग, म्हणजे ब्रँच कुठून कुठे सरकली याची स्थानिक नोंदवही, पाहावा, पण पोहोच तुटलेल्या नोंदी तो साधारण ३० दिवसच ठेवतो, त्यामुळे दोन हंगामांनंतर फार आशा धरू नये. तिसरी शक्यता कटू आहे. जिनिंगमधल्या संगणकावर थेट फाइल बदलली गेली असेल आणि ती कधी कमिटच झाली नसेल, तर गिटमध्ये ती नाही. तेव्हा त्या काळातला बॅकअप किंवा बांधलेला प्रोग्रॅम शोधावा.

मराठी मजकुराबद्दल मात्र थोडे थांबून सांगतो, कारण इंग्रजी मार्गदर्शनात हे मिळत नाही. पावतीवर छापायचा 'शेतकऱ्याचे नाव' असा मजकूर कोडमध्ये असतो आणि फंक्शनचे नाव विसरले तर आपण त्याच्यावरून शोधतो. हा 'ऱ्य' युनिकोडमध्ये तीन प्रकारे टाइप झालेला मला सापडला आहे : स्वतंत्र ऱ हे अक्षर वापरून, साध्या र खाली नुक्ता देऊन, किंवा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक टाकून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसू शकतात, बाइट मात्र वेगळे असतात, आणि गिट बाइटच जुळवते. म्हणून पूर्ण शब्द न देता 'शेतक' एवढाच सुरक्षित तुकडा शोधावा. जुन्या फाइली कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील, तर आत देवनागरी नसून रोमन अक्षरेच असतात, आणि त्याच फॉन्टच्या कळांनी शोधावे लागते. फाइल यूटीएफ-१६ मध्ये सेव्ह झाली असेल तर गिट तिला बायनरी समजते, तिचा डिफ दाखवत नाही आणि तुमचा यूटीएफ-८ मधला शब्द तिच्यात जुळतच नाही. फाइलींची नावे देवनागरीत असून ती उलट्या रेघा आणि आकड्यांच्या रूपात दिसत असतील, तर कोअर डॉट कोटपाथ ही सेटिंग फॉल्स करावी. त्याने फक्त दाखवणे सुधारते, साठवलेले काही बदलत नाही.

आता ४ जीबीचे काय करावे. कोणत्या फाइली मोठ्या आहेत हे 'गिट रेव्ह-लिस्ट' ने सगळ्या वस्तूंची यादी काढून, ती 'गिट कॅट-फाइल' च्या बॅच-चेकला देऊन, आकारानुसार लावले की कळते. इतिहासातून त्या काढण्यासाठी फिल्टर-रेपो हे साधन आहे. पण प्रत्येक कमिटच्या हॅशमध्ये आधीच्या कमिटचा हॅश गुंतलेला असल्याने, एक जुनी फाइल काढली की तिथून पुढचे सगळे हॅश बदलतात आणि प्रत्येकाला नव्याने क्लोन घ्यावे लागते. कापसाची खरेदी सुरू असताना हे काम हाती घेऊ नये, आणि हरवलेले फंक्शन सापडेपर्यंत तर मुळीच घेऊ नये.

कमी नेटवर उपाय म्हणून अनेकजण ब्लॉब न आणणारे अर्धवट क्लोन सुचवतात. रोजच्या कामाला ते चांगले आहे, परंतु मोठा एस लावून शोध घेतला की प्रत्येक जुना ब्लॉब सर्व्हरकडून मागवला जातो आणि मोबाइल हॉटस्पॉटवर तो शोध रात्रभर चालतो. इतिहास शोधायचा असेल तर पूर्ण प्रत जवळ असणेच स्वस्त पडते. ४ जीबीचे क्लोन मध्येच तुटले तर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, हीही अडचण आहे. म्हणून मी असे करतो : ज्याच्याकडे पूर्ण प्रत आहे त्याला 'गिट बंडल क्रिएट' चालवून डॅश डॅश ऑलसह एकच फाइल बनवायला सांगतो आणि ती पेनड्राइव्हवर मागवतो. पेनड्राइव्ह एफएटी-३२ मध्ये फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल त्यावर बसत नाही, म्हणून तो आधी एक्सफॅट करून घ्यावा. त्या बंडल फाइलवरूनच क्लोन घ्यावे, रिमोटचा, म्हणजे जिथून माल आणायचा त्या प्रतीचा, पत्ता बदलून सर्व्हरचा करावा आणि नवीन माल आणणारे 'गिट फेच' करावे, म्हणजे मधले थोडेसेच नेटवरून येते. क्लोन झाल्यावर साठा धड आहे का हे तपासणारे 'गिट एफएससीके' एकदा चालवून घ्यावे, आणि ते काही तक्रार न करता संपले की मगच मोठा एस लावून शोध सुरू करावा.